भाऊसाहेबांची मेनका

सरकारी कचेरीत ज्याने आयुष्याचा काही काळ काढला आहे त्याला हे निराळे सांगायला नको, की हजेरीपटावर ज्या इसमांची नावे असतात त्यांतले निम्मे इसम मनाने दुसऱ्याच कुठल्या तरी हजेरीपटावर सही करून आलेले असतात. कोणी आवक बारनिशीच्या आड पंचांग उघडून साहेबांच्या बदलीचा योग पाहत असतो. कोणी टाचण्यांच्या डबीत होमिओपॅथीच्या गोळ्या ठेवून अर्जदारांच्या अर्जांपेक्षा त्यांच्या जिभा अधिक बारकाईने तपासतो. आणि कोणी नाट्यस्पर्धेच्या मोसमात ‘प्रकृती नादुरुस्त’ असल्याबद्दल दोन ओळींचा अर्ज टेबलावर ठेवून त्याच रात्री रंगमंचावर तीन अंक ठणठणीत आवाजात गाजवतो. १९५४ साली मुंबई राज्याच्या सरकारने हौशी नाट्यसंस्थांसाठी स्पर्धा सुरू केली तेव्हापासून तर एका खात्याने कारकुनाला रजा नाकारायची आणि दुसऱ्या खात्याने त्या न मिळालेल्या रजेत वठवलेल्या भूमिकेबद्दल त्यालाच रौप्यपदक द्यायचे, अशी मोठी शोभिवंत व्यवस्था होऊन बसली.

या सगळ्या मंडळींना समाजाने केव्हाच माफी देऊन टाकलेली आहे. कारकुनाने नाटकात काम करावे, भजनात टाळ धरावा, पेटी वाजवावी, फार तर कविता करून ती दिवाळी अंकाकडून साभार परत घ्यावी, इथपर्यंत आपली सहनशक्ती विस्तारलेली आहे. परंतु अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावर असलेल्या, घरी दोन उपवर कन्या आणि मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसलेला एक मुलगा असलेल्या, कोट-टोपी घालून चारचौघांत वावरणाऱ्या गृहस्थाने नाचावे, आणि तेही कुणाच्या वरातीत पाय घसरला म्हणून नव्हे, तर रंगमंचावर, समजून-उमजून, तालमी करून, वर्षानुवर्षे नाचावे, हे ऐकताच ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर जो भाव उमटतो त्याची नोंद भरतमुनींनीही करून ठेवलेली नाही.

असे एक गृहस्थ लोणावळ्यास आहेत. सारा गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतो. आणि कारकुनाला भाऊसाहेब म्हणण्याची आपल्याकडे रीतच असल्यामुळे एवढ्यावरून त्यांचा माग कोणाला लागणार नाही. त्यांच्या खात्याचे नाव मी मुद्दामच घेत नाही. खात्याला विनोद पोहोचायला पुष्कळ वर्षे लागतात हे खरे, पण एकदा पोहोचला की खुलासा मात्र ते सात दिवसांच्या आत मागते.

विधात्याने भाऊसाहेबांना घडवताना नर्तकाचा नव्हे, तर खजिन्यावरच्या पहारेकऱ्याचा नमुना पुढे ठेवला असावा. मान आखूड, खांदे रुंद, आणि मध्यभागी बैठ्या नोकरीने वार्षिक वेतनवाढीबरोबर नियमितपणे दिलेली भर. मात्र या भारदस्त इमारतीचा पाया कुणा दुसऱ्याच कंत्राटदाराने घातला आहे, हे त्यांना चालताना पाहणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. लोणावळ्याच्या बाजारातून आषाढात चालणारी इतर माणसे धोतर सांभाळण्यासाठी डबकी चुकवतात. भाऊसाहेब डबकी शोधीत चालतात. छत्री डाव्या हातात किंचित तिरपी, उजवा हात आपोआप बाजूला पसरलेला, एक क्षण देह हवेत, आणि मग पलीकडच्या काठावर अंगठ्याच्या टोकाने केलेले असे हळुवार अवतरण, की पाण्यावर साधी लहरही उठू नये. ती उठते, आणि शेजारून जाणाऱ्याच्या धोतरापर्यंत जाते, हा भाग निराळा.

हे वेड त्यांना लागले कसे, याचा इतिहास खंडाळ्यात आहे. आज मुंबई-पुणे रस्त्याने चिक्कीची पुडकी घेऊन जाणाऱ्या शेकडो प्रवाशांपैकी एखाद्यालाही ठाऊक नसेल, की या घाटमाथ्यावरच्या लहानशा गावात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ‘नृत्यालयम्’ नावाची नृत्यशाळा नांदत होती आणि ती चालवणाऱ्या बाईंची कीर्ती युरोपात पसरलेली होती. लीला रॉय हे त्यांचे माहेरचे नाव. बारिसालच्या प्रतिष्ठित बंगाली घराण्यात जन्मलेल्या या बाईंनी परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी यांच्याशी विवाह केला, मेनका हे नाव धारण केले, आणि कोठीवरची कला म्हणून भल्या घरांतून नाक मुरडले जाणारे कथक उचलून सरळ रंगमंचावर आणले. एकट्या नर्तिकेचे ते नृत्य त्यांनी मेळाव्याचे केले, त्यात कथानक घातले, ‘मालविकाग्निमित्रा’सारखी नाटके शब्दांवाचून नाचून दाखवली, आणि १९३६ साली बर्लिनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत आपल्या मंडळीसह भाग घेऊन तिथल्या जाणकारांची वाहवा मिळवली. त्यांच्या मंडळीबरोबर युरोप पाहून आलेली एक लहानशी मराठी मुलगी पुढे दमयंती जोशी या नावाने कथकात अग्रगण्य झाली.

भाऊसाहेब त्या वेळी नुकतेच मॅट्रिक होऊन बिनपगारी उमेदवारी करीत होते. कसलासा लखोटा हातपोच करण्यासाठी त्यांना खंडाळ्याला धाडण्यात आले, पोचपावतीवर सही करणारी व्यक्ती जागेवर नसल्यामुळे पडवीत बसवून ठेवण्यात आले, आणि आतल्या दालनात तालीम चालू होती. बाहेर धुके इतके दाट, की समोरचे झाड दिसू नये. आत दहा-बारा जोडी पावले एकाच वेळी जमिनीवर पडत होती आणि सम आली की ती सगळी अशी थांबत, की पागोळ्यांचा आवाज एकदम मोठा वाटे. भाऊसाहेबांना पोच मिळाली तेव्हा त्यांनी ती घेतली, घडी करून खिशात ठेवली, आणि पुन्हा पडवीत बसले. अखेर कोणीतरी त्यांना ‘‘आणखी काही काम आहे का?’’ असे विचारले, तेव्हा त्यांनी ‘‘नाही, काम झालं,’’ असे उत्तर दिले. त्यांच्या सबंध सेवेत इतके असत्य विधान त्यांनी दुसरे केले नाही. मेनकाबाई १९४७ साली निवर्तल्या. पुराणातल्या मेनकेने विश्वामित्राची तपश्चर्या भंगवली. खंडाळ्याच्या मेनकेला भाऊसाहेबांची नोकरी भंगवता आली नाही, याचे कारण इतकेच, की तपश्चर्येला पेन्शन नसते.

नोकरी कायम झाली तशी हौसही कायम झाली. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली ‘नृत्यभारती’ सुरू केली होती खरी. पण तिथे परकऱ्या मुलींच्या रांगेत सरकारी नोकराने उभे राहणे सेवानियमांत बसते की काय याचा निर्णय भाऊसाहेबांना स्वतःचा स्वतःला करता येईना, म्हणून पुण्याच्या एका वयोवृद्ध तबलजीकडून त्यांनी रविवारी तालाचे धडे घेतले आणि उरलेले शिक्षण डोळ्यांनी केले. उदयशंकरांचा ‘कल्पना’ हा चित्रपट १९४८ साली आला तो त्यांनी पदरमोड करून पुनःपुन्हा पाहिला. शांती बर्धन यांच्या लिटल बॅले ट्रूपने रामायण बसवले आणि त्यात सगळी पात्रे कळसूत्री बाहुल्यांच्या चालीने हालतात असे त्यांना कळले, तेव्हा ते विलक्षण समाधानाने म्हणाले, ‘‘वरून दोरी ओढल्याखेरीज हात हलवायचा नाही, हे आम्हाला निराळं शिकवायला नको.’’

परंतु त्यांचे खरे दैवत रशियन होते. देवघरातील गणपती आणि भिंतीवरचे कालनिर्णय यांच्या मधोमध त्यांनी कोणत्या तरी जुन्या विलायती मासिकातून कापलेले आना पावलोवा हिचे चित्र चौकटीत घालून लावले होते. आणि नवा पाहुणा आला की, ‘‘हिच्याबरोबर आपले उदयशंकर १९२३ साली लंडनला कृष्ण होऊन नाचले,’’ अशा शब्दांत ते तिची ओळख करून देत, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या मंडळींनीही पुढे तिला हळदकुंकू वाहायला हरकत घेतली नाही. ती बाई पायाच्या अंगठ्यावर उभी राहते याचा भाऊसाहेबांच्या मनाने ध्यास घेतला. त्यांनी काळ्या पंपशूंच्या टोकांत कापूस कोंबला आणि ते घोट्याला बांधण्यासाठी रेशमी फिती मिळेनात तेव्हा कचेरीतली दप्तर बांधण्याची लाल फीत वापरली. लाल फितीत कामे अडकून पडतात अशी ओरड वर्तमानपत्रे नेहमीच करतात. तिच्या आधाराने एक सबंध अव्वल कारकून जमिनीपासून चार बोटे वर उचलला गेला होता, हे श्रेय मात्र तिला कोणीही दिले नाही.

सरावाची जागा म्हणजे रेकॉर्डाची खोली. दोन्ही बाजूंना छतापर्यंत मांडण्या, मध्ये एकच माणूस जाईल एवढी बोळकांडी, आणि मांडणीची आडवी पट्टी नेमकी कमरेच्या उंचीवर. विलायती बॅले शिकणारे जो दांडा धरून पाय मागे उचलतात त्याची सोय ब्रिटिश सरकारने आधीच करून ठेवली आहे, अशी भाऊसाहेबांची श्रद्धा होती. वरच्या कप्प्यातील जुने प्रकरण मागवले की इतर कारकून शिपायाला हाक मारीत. भाऊसाहेब स्वतः उठत. डावा हात पट्टीवर, उजवा हात फायलीकडे, मागचा पाय हळूहळू कमरेएवढा वर. फाईल हाती येई, पण ते लगेच खाली उतरत नसत. अर्जदार दाराशी ताटकळत आणि प्रकरण फार जुने असले पाहिजे असे समजून मुकाट्याने परत जात.

घरी वहिनींनी या साऱ्याकडे पाहण्याची एक शांत, हिशेबी दृष्टी कमावली होती. लोणावळ्याच्या पावसात चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि तालमीचा घामाने भिजलेला सदरा चुलीवरच्या दोरीवर धुरकटत राहतो, एवढीच त्यांची तक्रार. घुंगरांना हिरवट कळा चढू नये म्हणून ते तांदळाच्या डब्यात ठेवण्याची युक्तीही त्यांचीच. आंबेमोहोर मोजून घेताना डब्यातून छुम् असा आवाज आला की त्या म्हणत, ‘‘अहो, तुमचे शंभर वर आलेत, खाली दाबा.’’ शेजारच्या मास्तरीणबाईंनी एकदा कुजबुजत विचारले, ‘‘रात्री भाऊसाहेबांच्या पावलांचा आवाज कसला हो येतो?’’ तेव्हा वहिनींनी डोळाही न हलवता उत्तर दिले, ‘‘कचेरीचं काम घरी आणतात.’’

नाचणे हे मावळाच्या मातीला परके आहे असे कोणी म्हटले तर भाऊसाहेब त्याच्याशी वाद घालीत नसत. येत्या रविवारी त्याला मळवलीला उतरवून भाज्याच्या लेण्यांवर चढवीत. तिथल्या विहारात दोन हजार वर्षांहून जुन्या शिल्पपटात एक स्त्री पुढ्यातील वाद्यावर थाप मारते आहे आणि दुसरी नाचते आहे. तबला पुढच्या काळात बाहेरून आला असे म्हणणाऱ्यांपुढे हल्ली हेच शिल्प पुरावा म्हणून ठेवले जाते. भाऊसाहेब टोपी काढून त्या नर्तिकेपुढे उभे राहत, बराच वेळ तिच्याकडे पाहत, आणि मग एखाद्या कच्च्या टिपणीवर द्यावा तसा शेरा देत: ‘‘हात उत्तम. डावा गुडघा आणखी वाकायला हवा.’’ पाहुणा धापा टाकीत असल्यामुळे सहसा मतभेद नोंदवीत नसे.

लोकांना वाटे, की या माणसाची नोकरी आणि नाच यांत रोज ओढाताण होत असेल. माझे निरीक्षण उलट आहे. दोहोंपैकी प्रत्येक बाजू दुसरीला जामीन राहिलेली होती. कचेरीत बेरीज चुकली तर हेडक्लार्क म्हणत, ‘‘चालायचंच, कलावंत माणूस’’. आणि तालमीत सम चुकली तर तबलजी म्हणे, ‘‘चालायचंच, सरकारी माणूस, दमून येतो.’’ स्वतः भाऊसाहेबांनीही दोन्हीकडचे नियम एकमेकांत बेमालूम मिसळून टाकले होते. समेवर वेळेत पोहोचता आले नाही तर ते घाबरेघुबरे होत नसत. शांतपणे पुढच्या आवर्तनाची तारीख देत. उलट कचेरीत एखादा अर्ज तीनदा फेटाळून चौथ्यांदा मंजूर करताना त्यांच्या चेहऱ्यावर तिहाई पूर्ण झाल्याचा आनंद दिसे.

त्यांच्या कलाजीवनाचा कळस म्हणजे एका गणेशोत्सवात त्यांनी सादर केलेले ‘इष्टुर फाकडा’ हे नृत्यनाट्य. विषय घरचाच होता. राघोबादादांना गादीवर बसवण्यासाठी निघालेली इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. कॅप्टन स्टुअर्ट, ज्याला आपल्या लोकांनी कौतुकाने इष्टुर फाकडा करून टाकले, तो कार्ल्याजवळ झाडावर चढून टेहळणी करीत असताना मारला गेला असे सांगतात. पुढे तळेगावास इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळ्यात लोटून रातोरात माघार घेतली, आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावास त्यांना तह करावा लागला. त्या शूर शत्रूची समाधी मावळ्यांनी वडगावात आजवर जपली आहे. महादजी शिंद्यांची भूमिका कचेरीच्या शिपायाला मिळाली, कारण मिशा त्यालाच होत्या. इष्टुर अर्थातच भाऊसाहेब. झाड म्हणजे जांभळीचे डहाळे बांधलेली रेकॉर्डातली शिडी, आणि तोफा म्हणजे सुरळ्या केलेले रद्द गावनकाशे.

गोळा लागल्यानंतर इष्टुराला मरायला जो वेळ लागला तो प्रत्यक्ष इतिहासात लागला असता तर इंग्रजांची कुमक मुंबईहून सहज येऊन पोहोचली असती. शिडीच्या प्रत्येक पायरीवर तो एकेक आठवण काढीत उतरत होता: इथे विलायतेची आई, इथे समुद्र, इथे कार्ल्याची एकवीरा. चौथ्या पायरीवर तो अंगठ्याच्या टोकावर उभा राहिला आणि त्याच अवस्थेत आकाशाकडे हात पसरून थरथरू लागला तेव्हा मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने खरोखरीच्या कळवळ्याने विचारले, ‘‘अरे, ह्यो सुटंना का रं अजून?’’ अखेर इष्टुर सुटला. त्या आचक्याने जांभळीचा डहाळा सुटून पडला आणि शिडीवर पांढऱ्या रंगात लिहिलेला डेडस्टॉक नंबर पहिल्या रांगेतल्या साहेबांना वाचता येऊ लागला. त्यांनी तो टिपून घेतला. एवढ्यात निळ्या लुगड्याच्या तळ्यात पडलेली तिसरी तोफ उलगडली.

दुसऱ्या दिवशी खुलासा मागवण्यात आला. भाऊसाहेबांनी लिहिलेला खुलासा त्यांच्या नृत्यापेक्षा सरस आहे असे त्यांचे शत्रू म्हणतात, आणि मित्रांना ते नाकारता येत नाही. ‘‘सदर शिडी रेकॉर्डातील वरच्या कप्प्यांच्या तपासणीकामी नेहमी उपयोगात असून, काल रात्रौ तिच्यावरून इष्टुर नावाच्या इंग्रज इसमाने मराठ्यांच्या हालचालींची तपासणी केली. इसम मयत झाल्यामुळे तपासणी अपुरी राहिली. शिडी सुस्थितीत परत जमा आहे. नकाशे रद्दबातल असून तळे कोरडे होते. सबब प्रकरण निकाली काढण्यास हरकत नसावी.’’ साहेबांनी खाली ‘पाहिले, दप्तरी दाखल’ असा शेरा मारला. परंतु कागद दप्तरी दाखल न करता त्यांनी घरी नेला आणि सौभाग्यवतींना वाचून दाखवला, अशी शिपायाची पक्की खबर आहे.

या यशानंतर ‘‘नोकरीला रामराम ठोका आणि कलेला वाहून घ्या,’’ असा सल्ला देणारे हितचिंतक उत्पन्न झाले नसते तरच नवल. भाऊसाहेब अशा वेळी त्यांना स्टेशनाकडे बोट दाखवीत. मुंबईहून येणाऱ्या जड गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, ती तिला ढकलत घाट चढवून लोणावळ्यापर्यंत आणतात आणि तिथे सुटी होतात. गावातली पोरेसुद्धा त्यांना ‘बँकर’ म्हणून ओळखतात. ‘‘पुढच्या इंजिनाला लोक हात करतात,’’ भाऊसाहेब म्हणत, ‘‘पण घाटात गाडी कोण धरून असतं ते बघा.’’ मला यात नुसता पगाराचा व्यवहार दिसत नाही. कलेवर पोट भरणाऱ्या माणसाला लग्नसराईत कोणाच्याही अंगणात, कोणत्याही गाण्यावर उभे राहावे लागते. भाऊसाहेबांना एक तारखेला कोणालाच खूष करायचे नव्हते, आणि म्हणून त्यांचा इष्टुर हवा तितका वेळ मरू शकत होता. हौशी माणूस कच्चा असेल, पण तो मिंधा नसतो. मेनकाबाईंच्या घरातूनही कोणीतरी रोज प्रयोगशाळेत कामावर जात होतेच.

यथाकाल भाऊसाहेब सेवानिवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि नवी घुंगरे देण्यात आली. आता दिवसभर कलेची सेवा, अशी भाषणे झाली. पहिल्या सोमवारी ते अकरा वाजता घुंगरे बांधून माजघरात उभे राहिले. पाऊस पडत होता, वहिनी निवडीत बसल्या होत्या, समोर पाच वाजेपर्यंतचा अख्खा दिवस मोकळा पडला होता, आणि पाय उचलेना. मंगळवारीही उचलेना. ज्या वेळेवर कोणाचाच हक्क नाही ती वेळ चोरायची कशी, हा प्रश्न त्यांना नव्यानेच पडला. आठवडाभरात त्यांचे वजन वाढले, मन उतरले, आणि वहिनींनी घुंगरे पुन्हा तांदळात दाबली.

यावर उपाय त्यांनी स्वतःच शोधला. गावातल्या एका लहान पतसंस्थेचे मानद चिटणीसपद त्यांनी मागून घेतले. वेतन नाही, कामही बेताचे. परंतु अकरा ते साडेपाच खुर्चीत बसण्याची अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली आहे, हजेरीपट स्वखर्चाने छापून आणला आहे, आणि साडेपाचच्या ठोक्याला ते अशा लगबगीने जिना उतरतात, की तालीम पुन्हा रंगात आली आहे हे सांगावे लागत नाही. गणेशोत्सवासाठी नवे नृत्यनाट्य बसते आहे. त्याकरिता त्यांनी परवा आठ दिवसांच्या रजेचा रीतसर अर्ज केला, आणि तो निदान एकदा तरी नामंजूर करावा अशी अध्यक्षांना खाजगीत विनंती केली. अध्यक्ष अतिशय सज्जन गृहस्थ असल्यामुळे त्यांना ते अद्याप जमलेले नाही.